बिननावाची पट्टी

वकील महेंद्र गायकरांनी लॅपटॉपखाली कायद्याची दोन जाडजूड पुस्तकं सरकवली, पडदा जरासा मागे कलता केला आणि भागीरथीला खुर्ची आणखी पुढे घ्यायला सांगितली. आता एका चौकोनात मायलेक दोघंही मावत होती. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला चव्वेचाळीस वर्षांचा सुदेश केणे, आणि त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी त्याची आई. भागीरथीनं स्वतःला पडद्यात पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. पडद्यातल्या बाईनंही तो सारखा केला, पण अंमळ उशिरा.

ठाण्याच्या कोर्टनाक्याजवळची ती दुसऱ्या मजल्यावरची खोली. खिडक्यांचे पडदे ओढलेले, एसीची बारीक घरघर, आणि तीनच्या उन्हाची एक तिरीप तेवढी टेबलावर पडलेली. जेवून बसलेल्या माणसाला डुलकी यावी अशीच सगळी तयारी होती. भागीरथीला डुलकी येत नव्हती, पण आपण पुरत्या जाग्या आहोत असंही तिला वाटत नव्हतं. बोलणारी माणसं पाण्याच्या पलीकडच्या काठावर उभी असावीत तसे आवाज तिच्यापर्यंत येत होते.

पडद्यावर आणखी चार चौकोन होते. तिघांत वैद्यक परिषदेच्या समितीचे डॉक्टर बसले होते. मधले पांढऱ्या केसांचे अध्यक्ष, उजवीकडे हृदयविकाराच्या एक बाई, आणि तिसरे एक गृहस्थ, जे कागदांतून मान वर काढत नव्हते. परिषद म्हणजे राज्यातल्या डॉक्टरांची नावं ज्या वहीत असतात ती वही सांभाळणारं ऑफिस, असं सुदेशनं आईला समजावलं होतं. त्या वहीतून नाव खोडलं की डॉक्टरनं दवाखान्याला कुलूप लावायचं. पाचव्या चौकोनात ज्यांचं नाव खोडायचं की ठेवायचं ते डॉक्टर रवींद्र उपासनी बसले होते, डोंबिवलीजवळच्या कोपरला, आपल्याच दवाखान्यात. तिथून भागीरथीचं घर चालत दहा मिनिटांवर. आज ते इतके लांब दिसत होते, की हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती.

तक्रार करायची म्हणजे पोस्टकार्ड टाकण्याइतकं सोपं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं एकदा करून बघावी. आधी शपथपत्र, मग नोटरी, मग सगळ्या कागदांचे संच. ते परिषदेत जातात, तिथून डॉक्टरला नोटीस जाते, डॉक्टरचं उत्तर येतं, उत्तराला उत्तर जातं. मग कधीतरी तारीख लागते, आणि ऐन वेळी समितीतलं कुणीतरी आजारी पडतं. डॉक्टरच ते, पण आजारी पडायचे म्हणजे पडायचेच. अडीच वर्षं गेली यात. सुदेशनं एवढ्या काळात एक तारीख चुकवली नाही, एक कागद हरवू दिला नाही. बापासाठी करायचं राहिलेलं सगळं तो या फायलीत करत होता.

फायलीत लिहिलं होतं ते असं. बहिणीच्या, म्हणजे दक्षताच्या, हळदीच्या आदल्या दिवशी सुदेशचे वडील नाथा केणे छातीत जळजळ होते म्हणून पत्नीसोबत डॉक्टर उपासनींकडे गेले. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, कार्डिओग्राम म्हणतात तो, आणि हृदय चांगलं आहे असं सांगून पित्ताच्या गोळ्या दिल्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाथा मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. हृदयविकाराचा झटका. म्हणजे एक तर डॉक्टरांनी पट्टी वाचण्यात चूक केली, नाहीतर ती काढलीच नाही आणि मागाहून दुसऱ्याच कुणाची तरी चिकटवली. सुदेशचा भर या दुसऱ्या शक्यतेवर होता.

आणि खरं काय झालं होतं, ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. दोघंही आज पडद्यावर होती.

नाथा त्या दिवशी दवाखान्यात गेलाच नव्हता. दोन दिवस छाती धरून बसत होता, पण बायकोला त्यानं बजावलं होतं, कोणाला बोलू नको, पोरीची हळद होऊन जाऊ दे. आगऱ्यांच्या घरची हळद म्हणजे काय हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. आठशे माणूस जेवायचं होतं, बेंजोवाले ठरले होते, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण आदल्या दिवशीच येऊन बसली होती. अशात घरचा कर्ता पुरुष आजारी आहे हे बाहेर फुटलं असतं, तर मुलाकडच्यांनी लग्न पुढे ढकला म्हटलं असतं. डॉक्टरांकडचा कंपाउंडर प्रशांत त्यांच्याच आळीतला. त्याच्या कानावर गेलं की गावाच्या कानावर गेलं. मग भागीरथी एकटीच गेली आणि म्हणाली, मना दोन दिवस छातीन जळजळतंय.

हे तिनं पहिल्यांदा केलं नव्हतं. तिची सासू गंगुबाई सांगायची, बाप्यांचं दुखणं बाईनं आपल्या अंगावर घेऊन सांगावं. त्यांची लाजही राहते आणि दुखण्यालाही उतार पडतो. उतार पडतो की नाही देव जाणे, पण त्या घरात रीत पडली होती. भागीरथीनं सासऱ्याचा खोकला स्वतःचा म्हणून सांगितला होता, नाथाची मूळव्याधसुद्धा सांगितली होती. एकदा नाथाची दाढ घेऊन गेली तेव्हा डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि पंचाईत झाली. आत सगळे दात शाबूत. तेव्हापासून डॉक्टर या गावातल्या बायकांना आधी हसून विचारायचे, दुखणं कोणाचं? मग त्याही हसून खरं काय ते सांगून टाकायच्या.

त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं नाही. बाकड्यावर तापाची पोरं घेऊन दहा-बाराजणी बसल्या होत्या. तरी माणूस निष्काळजी नाही. छातीचं म्हटल्याबरोबर त्यांनी तिला आडवं केलं आणि पट्टी काढायला घेतली. भागीरथीला तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण गार गार वाट्या अंगाला लागल्या, यंत्र कुरकुरलं, आणि तिला हलताच येईना. डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, काळीज ठणठणीत आहे, वीस वर्षं बघायला नको. पित्ताच्या गोळ्या दिल्या. पट्टी केणे घराच्या कार्डाला टाचणीनं लावली. त्यांच्याकडे माणशी कार्ड नव्हतंच, घरटी एक असायचं, आणि त्यांचं जुनं यंत्र पट्टीवर नाव छापत नसे.

घरी येऊन तिनं नाथाला सांगितलं, पट्टी काढली, काळीज चांगलं हाय बोलला. नाथा एवढा सुटला, एवढा हसला, की जेवायला दोनदा भात घेतला. दुसऱ्या दिवशी हळदीत भाच्यांच्या खांद्यावर हात टाकून नाचला. भागीरथी अडाणी नव्हती. पट्टी आपली आहे, त्याची नव्हे, एवढं तिला कळत होतं. तरी त्याला नाचताना बघून तिला मनापासून वाटलं होतं, की ती पट्टी दोघांना मिळून पुरेल.

नाथाला उचललं त्या सकाळी डॉक्टर आले होते. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. तिनं मान खाली घातली, आणि त्यांना काय कळायचं ते कळलं. पुढे तेराव्यानंतर सुदेशनं दवाखान्यातून कार्डाची झेरॉक्स आणली, त्यावरची पट्टी बापाचीच असं धरलं, आणि घरात आगडोंब उसळला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ती गप्प बसली. गायकरांनी इंग्रजीत लिहिलेल्या शपथपत्रावर, दाखवलं तिथं, तिनं सही केली. मी पतीसोबत गेले होते असं त्यात लिहिलंय हे तिला कितीतरी महिन्यांनी कळलं. कळव्याला दक्षताच्या घरी लेकीनं ते मराठीत वाचून दाखवलं तेव्हा. त्यानंतर मूठ उघडायची कशी? बाप मेला तो आईच्या खोट्यामुळं, हे कळल्यावर सुदेश आपलं तोंड बघेल का, एवढी एकच भीती तिला होती, आणि ती तिला खाऊन टाकत होती.

नाथा स्वप्नात यायचा. मिठाच्या जुन्या खाजणात, जिथं आता इमारती आहेत, तिथं पांढऱ्या उजेडात उकिडवा बसलेला असायचा. तक्रार करायचा नाही. पट्टी दाखव, म्हणायचा, आणि ती पदराच्या गाठी सोडत राहायची. एक सोडली की खाली दुसरी असायची.

"डॉक्टर उपासनी," हृदयविकाराच्या बाई बोलत होत्या. त्यांनी पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली. गुलाबी चौकटींच्या कागदावर बारीक काळ्या टेकड्या, एकीमागे एक, सगळ्या सारख्या. भागीरथी त्यांच्याकडे बघत राहिली. आपल्या आत असं काही चालतं हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. सहासष्ट वर्षांचा, तीस वर्षं बिडी ओढणारा माणूस, दोन दिवस छातीत दुखतंय, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत तो झटक्यानं जातो. त्याची पट्टी इतकी स्वच्छ असणं अशक्य म्हणता येणार नाही, पण त्यांना पटत नव्हतं. वर नाव नाही, वय नाही, वेळ नाही. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं,

"ही पट्टी कोणाची आहे?"

"पेशंटची," डॉक्टर म्हणाले.

"कोणत्या पेशंटची?"

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, की वाचण्यातली चूक ही एक गोष्ट आणि खोटा कागद जोडणं ही दुसरी. खोटा कागद सिद्ध झाला तर समितीला नाव कमी करण्याची शिफारस करावी लागेल, आणि ती काही महिन्यांपुरती नसेल. तुमचं काही म्हणणं असेल तर ते आज मांडा, पुन्हा संधी मिळणार नाही. डॉक्टर म्हणाले, लेखी उत्तर दिलंय, त्यात भर घालायची नाही.

सुदेश आईच्या कानाशी वाकला. पकडला बघ, आज पकडला, असं तो पुटपुटला. आवाजात आनंद नव्हता, थकवाच होता. अडीच वर्षं उचललेलं ओझं खाली ठेवायला मिळालं की माणूस बोलतो तसं.

भागीरथीनं पाचव्या चौकोनाकडे पाहिलं. डॉक्टरांच्या मागे औषधांची मांडणी होती, तपासायच्या पलंगाचा पांढरा पडदा होता. या माणसाला नुसतं तिचं नाव घ्यायचं होतं. दोन शब्दांत सुटला असता. तो घेत नव्हता. तिला लाज वाटली, अशी लाज जन्मात वाटली नव्हती.

"ती पट्टी माजी हाय," ती म्हणाली.

पडद्यातली बाईही तेच म्हणाली, क्षणभर मागाहून. तिच्याकडे बघत भागीरथी बोलत राहिली. आपण गप्प आहोत आणि ती बाई बोलते आहे, बोलू दे तिला, असं तिला वाटत होतं. पण गायकर वकील चपळ. त्यांनी पटकन हात पुढे करून आवाज बंद केला. अध्यक्ष कानाला हात लावून म्हणाले, काही ऐकू येत नाही. मावशी, शपथपत्रावर तुमची सही आहे, गायकर खालच्या आवाजात सांगत होते, काय बोलताय त्याचा विचार करा, हे तुमच्यावर शेकेल.

सुदेश आईकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे हे तिला वाचता येईना. मग त्यानं वकिलांचा हात बाजूला केला आणि स्वतःच आवाज परत चालू केला.

"बोल," तो म्हणाला.

"ती पट्टी माजी हाय, त्याची नाय. तो आलाच नव्हता. मीच गेलते."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. हळद, आठशे माणूस, गंगुबाईची रीत, गार वाट्या, घरी येऊन नाथाला जे सांगितलं ते. त्याला दोनदा भात वाढला तेही सांगितलं, त्याचा तिथं काही उपयोग नव्हता तरी. समितीतल्या तिसऱ्या गृहस्थांनी पहिल्यांदा कागदातून मान वर काढली. हृदयविकाराच्या बाईंनी पट्टी हलकेच टेबलावर ठेवली.

अध्यक्षांनी डॉक्टरांना विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं? होतं, डॉक्टर म्हणाले, त्यांचे यजमान गेले त्या दिवसापासून. मग लेखी उत्तरात का नाही लिहिलं?

"त्यांना त्या घरात राहायचंय," डॉक्टर म्हणाले. "आणि चूक माझीही आहेच, सर. इथल्या बायका घरच्यांची दुखणी स्वतःच्या नावावर सांगतात, हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. मी नेहमी विचारतो. त्या दिवशी गर्दी होती, नाही विचारलं. पट्टीवर नाव घातलं नाही. ते हातानं घालता आलं असतं."

अध्यक्षांनी काहीतरी टिपून घेतलं. ताकीद द्यायची, काही काळ नाव काढायचं की आणखी काही, ते लेखी कळवू. आजींच्या शपथपत्राबद्दलही विचार करावा लागेल, पण आज नको. त्यांनी नमस्कार केला. चौकोन एकेक करून विझले. डॉक्टरांचा सगळ्यात शेवटी विझला आणि पडद्यावर मायलेक दोघंच उरली.

जिना उतरताना सुदेश पुढे होता. गाडीत बसल्यावर त्यानं आईचा पट्टा लावला, रोज लावतो तसा, आणि एक शब्द बोलला नाही. कोर्टनाक्यावरून कळव्याच्या पुलाकडे रस्ता फुटतो. भागीरथी त्या वळणाची वाट बघत होती. आता हा गाडी वळवेल, मला दक्षताकडे सोडेल आणि सांगेल, राहा आता इकडेच. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. वळण आलं. सिग्नल हिरवा झाला, आणि गाडी सरळ गेली. सरळ गेली म्हणून तिला रडू आलं. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

पुढे हायवेला तिचा डोळा लागला असावा. कंटेनर मागे पडत होते, धुरकट उन्हात अर्धवट बांधलेले टॉवर तरंगत होते, आणि मध्येच नाथा रस्त्याच्या कडेनं चालताना दिसला, खांद्यावर पंचा टाकून, गाडीच्या वेगानं. त्याला काही घाई नव्हती. तिनं त्याला सांगितलं, बोलले रे सगळं. त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही, कारण गाडी थांबली.

माणकोलीचा नवा पूल होता. सुदेशनं गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं होतं. खाली खाडीला ओहोटी लागलेली, चिखल उघडा पडलेला, तिवरांच्या मुळांशी दोन बगळे उभे. पलीकडच्या काठाला डोंबिवली उन्हात पिवळी पडली होती. वारा गाडीला हलके धक्के देत होता.

सुदेश कितीतरी वेळ पाण्याकडे बघत बसला. बाप गेला त्याचं त्याला आज नव्यानं दुःख झालं होतं, आणि रागवायला समोर कोणी राहिलं नव्हतं.

"बाबाला नक्की कुठं दुखत होतं?" त्यानं विचारलं.

भागीरथीचा हात सवयीनं स्वतःच्या छातीकडे गेला. अर्ध्या वाटेवर थांबला. मग तिनं तो लेकाच्या शर्टावर ठेवला, खिशाच्या जरा आत, मधल्या हाडाशी. तिथून खांद्यावर, दंडाच्या आतल्या बाजूनं खाली करंगळीपर्यंत, आणि परत वर जबड्याला. सुदेशला असा कुणी हात लावून कित्येक वर्षं झाली असतील. तो हलला नाही. तिचा हात फिरून झाल्यावर त्यानं तो धरला आणि पुन्हा मधल्या हाडावर नेऊन ठेवला.

"इथं?"

"इथंच."

"मला पण होतं इथं," तो म्हणाला. "दाबल्यासारखं. जिना चढलो की. महिना झाला."

भागीरथीनं विचारलं, निशाला सांगितलंस? बायकोला त्यानं काही सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. आजही वकिलाकडचा जिना उतरून गाडीपर्यंत आला तेव्हा घाम फुटला होता, म्हणून तो बोलत नव्हता. थोडं त्यामुळं, थोडं दुसऱ्यामुळं.

"तारीख होऊन जाऊ दे म्हटलं. मग बघू."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बापाचाच डोळा, बापाचाच जबडा, आणि अक्कलही, मेली, बापाचीच. तिला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि कुशीतही घ्यावंसं वाटलं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"गाडी चालू कर," ती म्हणाली. "चालवता येतंय नव्हं? उपासनींकडं चल."

"आये, त्यांच्याकडं? आज?"

"तोच जवल हाय."

दवाखान्यात संध्याकाळची वेळ नुकती सुरू झाली होती. बाकड्यावर गावातल्या सहा-सातजणी बसल्या होत्या, आणि केण्यांची मायलेकं दारात दिसताच त्यांचं बोलणं तुटलं. तक्रारीचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. प्रशांत हातातलं कार्ड तसंच धरून उभा राहिला. बाहेरचा गलका एकदम थांबला म्हणून डॉक्टर बाहेर आले. सुदेशला बघून त्यांनी हात जोडले, आणि भागीरथीनं कशासाठी आलोय ते सांगितल्यावर मान हलवली. त्यांचं बरोबरच होतं. तुमची माझ्यावर तक्रार आहे, निकाल यायचाय, अशात मी तुम्हाला तपासणं ना तुम्हाला सोयीचं ना मला. मी चिठ्ठी देतो, रिक्षानं सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा. हे बोलता बोलता त्यांची नजर सुदेशच्या कपाळावर गेली. तिथं घामाचे थेंब होते, आणि वर पंखा फिरत होता. डॉक्टर बोलायचे थांबले. प्रशांतला म्हणाले, ॲम्ब्युलन्सला फोन लाव, आणि सुदेशचा दंड धरून त्याला आत नेलं. भागीरथी मागोमाग गेली.

पलंगावर बसवून, जिभेखाली गोळी देऊन, डॉक्टरांनी त्याला विचारलं, काय होतंय, कधीपासून, सगळं सांगा. सुदेशनं आईकडे पाहिलं. ताप असो, पोटदुखी असो, लहानपणापासून या खोलीत त्याचं सगळं तिनंच सांगितलं होतं, आणि त्या वेळी तो असाच तिच्याकडे बघायचा. भागीरथीच्या ओठांवर शब्द आलेही होते. महिना झाला, जिना चढलं की, इथं, मधोमध. तिनं ते गिळले. मागे वळली, बाहेर आली आणि पांढरा पडदा ओढून घेतला.

आतून सुदेशचा आवाज यायला लागला, अडखळत, थांबत. त्याला सवय नव्हती. यंत्राची कुरकुर सुरू झाली.

बाकड्यावर शकू भोईर होती, गावचं वर्तमानपत्र. हिला सांगितलं की कोपरला दवंडी पिटायची गरज नाही. शकूनं बाजूला सरकून जागा करून दिली आणि आवाज उतरवून विचारलं,

"काय जालं गं, भागीरथी? तुना बरं नाय?"

"मना काय धाड भरलीये?" भागीरथी म्हणाली, सगळ्या बाकड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "माजा सुदेश हाय आत. त्याचे छातीन दुखतंय."